गुंगेरियाचे तांबे आणि आमच्या टेकड्या

महाराष्ट्राचा भूगोल शिकवताना एक अडचण मला वर्षानुवर्षे जाणवत असे. पुस्तकातला महाराष्ट्र म्हणजे काळा पाषाण, लाव्हारसाचे थर, सह्याद्री आणि दख्खनचे पठार. आणि समोर बसलेली मुले केशोरीची, आजूबाजूच्या गावांची. धानाच्या बांध्या, बोड्या आणि जंगल यांत वाढलेली. पुस्तकातला तो काळा कातळ त्यांनी पाहिला तो बहुधा चित्रातच! मग मी सांगत असे की बाळांनो, आपला दगड निराळा आहे आणि त्या काळ्या पाषाणापेक्षा तो फार फार म्हातारा आहे.

दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आमच्या पूर्व विदर्भातले ग्रॅनाइट, रायोलाइट आणि शिस्ट हे खडक शेकडो कोटी वर्षांचे. दरेकसाच्या डोंगरातून रेल्वेने गेलात तर हा जुना खडक खिडकीतून दिसतो. साकोलीच्या नावाने तर भूवैज्ञानिक एक सबंध खडकसमूहच ओळखतात. हे सांगण्याचे कारण असे, की धातूंची खनिजे बहुतेक अशाच म्हाताऱ्या खडकांत सापडतात. जमिनीच्या पोटातले तापलेले पाणी भेगांतून वर येते, येताना विरघळलेला धातू घेऊन येते आणि थंड होताना तो भेगेत सोडून देते. या गोष्टीला अब्जावधी वर्षे झाली. पण माणसाला तिचा पत्ता लागायला मात्र एखादा गुराखीही पुरतो.

आज ज्या गोष्टीबद्दल लिहायचे आहे, ती अशीच गुराख्यांपासून सुरू होते.

गोंदियाच्या उत्तरेला लागूनच बालाघाट जिल्हा आहे. आज तो मध्य प्रदेशात. पण इंग्रजांच्या काळात तोही मध्य प्रांतात होता आणि राजधानी नागपूर होती. आमच्या लोकांचे सोयरसंबंध, बाजारहाट आजही सीमा मानत नाहीत. या जिल्ह्यात गुंगेरिया नावाचे एक खेडे आहे. १८७० साली तिथे गुरे चारणाऱ्या दोन मुलांना जमिनीतून धातूचा एक तुकडा वर आलेला दिसला. त्यांनी तो ओढला, उकरले, तर खाली आणखी! शेवटी मोजदाद झाली तेव्हा तांब्याच्या ४२४ वस्तू भरल्या. वजन ८२९ पौंड, म्हणजे सुमारे ३७६ किलो. चपट्या कुऱ्हाडी, लांबलचक पहारीसारख्या पट्ट्या. आणि त्यांच्यासोबत चांदीचे १०२ पातळ पत्रे. त्यांतले काही गोल चकत्यांसारखे, तर काही बैलाच्या मुंडक्याच्या आकाराचे, शिंगे खाली वळलेली.

ब्लूमफिल्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ही बातमी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीला कळवली. पुढे या वस्तू वाटल्या गेल्या. काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या, तर काही आपल्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे जुन्या लोकांच्या अजब बंगल्यात आल्या. तिथल्या त्या हिरवट कुऱ्हाडींपुढे मी बराच वेळ उभा राहिलो आहे. शोभेच्या वस्तूंसारख्या त्या मुळीच दिसत नाहीत. ओबडधोबड, जड, कामाच्या माणसाने कामाच्या माणसासाठी केल्यासारख्या.

पुरातत्त्वात याला ताम्रनिधी म्हणतात. गंगा-यमुनेच्या दुआबात, छोटानागपूरच्या पठारावर असे निधी अनेक ठिकाणी सापडले. पण एकाच जागी एवढे तांबे मिळाल्याचे उदाहरण गुंगेरियासारखे दुसरे नाही. काळ साधारण चार-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा धरतात. त्यातही मतभेद आहेत. चांदीचा प्रश्न तर आणखी अवघड. त्या काळात भारतात चांदी दुर्मीळ. व्हिन्सेंट स्मिथ या इतिहासकारांनी १९०५ साली या निधीवर लिहिले, तेव्हा चांदी बाहेरून आली असावी असे मत दिले होते. आणि तांबे? तेही बाहेरचे की इथलेच?

इथे मला मलाजखंड आठवते.

बालाघाट जिल्ह्यातच, बैहरच्या बाजूला, मलाजखंडची टेकडी होती. होती म्हणतो, कारण आता तिथे प्रचंड खड्डा आहे. धनुष्यासारखी वाकलेली, अडीच किलोमीटरहून लांब अशी ही गारगोटीच्या दगडाची रांग. तिच्यात तांबे. जुन्या लोकांनी उकरल्याच्या खुणाही तिथे होत्या. स्वतंत्र भारतात १९६९ च्या सुमारास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तिथे तपशीलवार शोध घेतला, १९७३ साली हिंदुस्तान कॉपर या सरकारी कंपनीला खाणपट्टा मिळाला आणि १९८२ साली प्रकल्प सुरू झाला. देशातला तांब्याचा सर्वांत मोठा एकसंध साठा तो हाच. खडकाचे वय सुमारे २५० कोटी वर्षे.

गुंगेरियाचे तांबे मलाजखंडचेच, असे छातीठोकपणे कोणी म्हणू नये. पण एकाच जिल्ह्यात एकीकडे देशातला सर्वांत मोठा ताम्रनिधी आणि दुसरीकडे सर्वांत मोठा ताम्रसाठा, हा योगायोग मनात घोळत राहतो खरा.

थोडा हिशेब करू. (जुनी सवय!) मलाजखंडच्या खनिजात तांब्याचे प्रमाण ढोबळमानाने शेकडा एक. म्हणजे एक टन दगड फोडला तर दहा किलो तांबे, आणि उरलेले ९९० किलो निव्वळ चुरा. या हिशेबाने गुंगेरियाच्या ३७६ किलो तांब्यासाठी सदतीस-अडतीस टन दगड लागला असता. पण प्राचीन कारागीर असा गरीब दगड घेत नसत. पृष्ठभागाजवळ हवापाण्याने तांब्याचा हिरवा मॅलाकाइट होतो. शुद्ध मॅलाकाइटमध्ये शेकडा ५७ भाग तांबे असते. तो हिरवा दगड वेचायचा, कोळशाच्या भट्टीत भात्याने वारा देऊन वितळवायचा. ज्यांना हे जमले, त्यांना दगड ओळखता येत होता, लाकडाचा कोळसा पाडता येत होता आणि भट्टीची आच डोळ्याने मोजता येत होती. त्यांच्याजवळ पुस्तके नव्हती, पण विद्या होती.

ही विद्या एकदम नाहीशी झाली असेही नाही. मंडला-बालाघाटच्या बाजूचे अगारिया अगदी विसाव्या शतकापर्यंत मातीच्या लहान भट्ट्यांत लोखंड गाळत. व्हेरियर एल्विन यांनी त्यांच्यावर १९४२ साली सबंध ग्रंथच लिहिला. नद्यांच्या वाळूतून सोन्याचे कण धुऊन काढणारे सोनझरी लोकही आमच्याकडचेच. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात त्यांची नोंद आहे. पुढे जंगलखात्याचे नियम आले, कोळशासाठी झाड तोडणे गुन्हा झाला, विलायती लोखंड बाजारात स्वस्त झाले आणि भात्याचा आवाज थांबला. ज्यांना दगड वाचता येत होता, ते त्याच डोंगरावर पुढे दगड वाहणारे मजूर झाले.

तांबे आणि आपले नाते किती जुने, याची साक्ष दुसरीकडूनही मिळते. वाकाटक राजांनी जमिनी दान दिल्या त्या ताम्रपटांवर लिहून. महामहोपाध्याय मिराशींनी या ताम्रपटांचा ग्रंथ १९६३ साली सिद्ध केला. त्यात दुसऱ्या प्रवरसेनाचा एक ताम्रपट तिरोडीचा आहे. तिरोडी म्हणजे आज मँगनीजच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेले बालाघाटातले गाव! राजाने कापडावर न लिहिता तांब्यावर लिहिले, कारण तांबे वाळवीला दाद देत नाही. जमीन कोणाची, हे सांगायला तांब्याइतका विश्वासू साक्षीदार दुसरा नव्हता. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या (तेव्हाच्या अहमदनगर) दायमाबादची गोष्टही अशीच. १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना बैलांचा रथ, गेंडा, हत्ती आणि रेडा अशी चार वजनदार शिल्पे सापडली. गुंगेरियात गुराखी, दायमाबादला शेतकरी. इतिहासाचे मोठे ठेवे बहुधा विद्वानांच्या वाट्याला आधी येत नाहीत. ते जमिनीशी रोज बोलणाऱ्याच्या हाताला आधी लागतात.

आता नागपूरच्या त्याच संग्रहालयातली दुसरी गोष्ट. जमशेटजी टाटांना पोलादाचा कारखाना काढायचा होता. चंद्रपूरकडच्या लोहाऱ्याच्या खनिजाचा शोध त्यांनी घेतला, पण साठा पुरेसा निघाला नाही. वेल्ड हे अमेरिकन भूवैज्ञानिक निराश झाले होते. १९०४ च्या सुमारास दोराबजी टाटा हे सांगायला नागपूरच्या सचिवालयात गेले. साहेब जागेवर नव्हते. वेळ घालवायला म्हणून दोराबजी समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथे मध्य प्रांताचा भूगर्भाचा रंगीत नकाशा टांगलेला होता आणि दुर्ग जिल्ह्याजवळ लोखंडाची गडद खूण होती. तो भाग प्रमथनाथ बोस या भारतीय भूवैज्ञानिकाने १८८७ साली पाहून ठेवला होता. टाटांची माणसे तिथे गेली तर दल्ली-राजहराचे डोंगरच्या डोंगर लोखंडाचे! कारखाना मात्र पुढे बोसांनीच सुचवलेल्या मयूरभंजच्या खनिजावर जमशेदपूरला उभा राहिला, आणि दल्ली-राजहराचे लोखंड अर्ध्या शतकानंतर भिलाईच्या कामी आले.

मला ही गोष्ट मुलांना सांगायला फार आवडे. कारण तिचा नायक एक नकाशा आहे! सतरा वर्षांपूर्वी कोणी तरी पायी हिंडून, दगड फोडून, प्रामाणिकपणे रंग भरला होता. ते काम त्या दिवशी उपयोगी पडले.

आमच्या भागातही असे हिंडणारे पुष्कळ येऊन गेले. १८५१ साली स्थापन झालेल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लोक, नागपूरच्या भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालयाचे लोक, १९७२ साली स्थापन झालेल्या खनिज समन्वेषण निगमाचे लोक. नागपूर जिल्ह्यात पुल्लर-परसोडीला तांबे, कोलारी-भानोरीला जस्त, कुही-खोबना-आगरगावला टंगस्टन, भंडारा जिल्ह्यात पवनीकडे क्रोमाइट, चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना आणि दुबारपेठला तांबे, अशी नोंद त्यांनी केली. नकाशावर ही गावे जोडून पाहिली तर आमच्या चारी बाजूंना ठिपके दिसतात. तरीही महाराष्ट्रात आज तांब्याची एकही चालू खाण नाही. नोंद सापडणे निराळे आणि खाण होणे निराळे.

हा फरक गावकऱ्यांनी नीट समजून घ्यायला हवा. आधी नकाशा. मग नाल्यांतली माती आणि दगड तपासणे. मग जमिनीत वीजप्रवाह सोडून खाली काय आहे त्याचा अंदाज घेणे. मग चर खणणे. आणि सर्वांत शेवटी हिऱ्याच्या टोकाच्या यंत्राने भोके पाडून खडकाच्या लांब कांड्या बाहेर काढणे. त्या कांड्या खोक्यात ओळीने मांडतात, अर्ध्या चिरतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. एवढे करून शंभरांतल्या बहुतेक जागा नापास होतात. हिरवा दगड दिसला की तांबे, असेही नाही. एपिडोट आणि क्लोराइट ही खनिजेसुद्धा हिरवीच असतात आणि त्यांना कोणी विचारत नाही. चांदीचे तर विचारूच नका. तांब्याच्या खनिजात ती असलीच तर टनामागे काही ग्रॅम. टनामागे एक ग्रॅम म्हणजे दहा क्विंटल धानात चिमूटभर. तांबे विजेने शुद्ध करताना खाली जो गाळ बसतो, त्यातून ती मिळते. आपल्या देशातली बहुतेक चांदी राजस्थानातल्या शिसे-जस्ताच्या खाणींतून अशीच जोडउत्पादन म्हणून येते. तेव्हा "डोंगरात चांदी आहे" असे कोणी चहाच्या टपरीवर सांगू लागला, तर त्याला आधी टनाचा हिशेब विचारावा.

पण मग हा विषय आज का? कारण वारे बदलले आहे. विजेच्या गाड्या, सौर पॅनेल, तारा, सगळ्याला तांबे लागते. २०२३ साली केंद्र सरकारने ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी केली, तिच्यात तांबे आहे, टंगस्टनही आहे. त्याच वर्षी खाणकायद्यात दुरुस्ती होऊन खोलवरच्या २९ खनिजांसाठी खाजगी कंपन्यांना शोधाचा परवाना देण्याची सोय झाली. त्यांत तांबे, चांदी, सोने सगळे आले. आणि शेजारच्या गडचिरोलीत सूरजागडचे लोखंड निघू लागले आहे. तिथे २००७ मध्ये पट्टा मिळाला, २०१६ साली काम सुरू झाले, त्याच डिसेंबरात वाहने जाळली गेली आणि २०२१ पासून पुन्हा जोरात खणन चालू आहे. ज्या डोंगरावर ठाकूरदेवाची जत्रा भरते, तोच हा डोंगर. केशोरी गडचिरोलीच्या वेशीवरच आहे. वारे वेशीवर थांबत नसते.

खाण नकोच, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. माझे कितीतरी विद्यार्थी नागपूर, पुणे, हैदराबादला मजुरीला गेले. रोवणी झाली की गावे रिकामी होतात. घराजवळ काम मिळावे असे कोणत्या बापाला वाटत नाही? पण खाण म्हणजे नुसते काम नाही. तांब्याच्या खनिजात गंधक असते. फोडलेल्या चुऱ्याला हवा आणि पाणी लागले की आम्ल तयार होते, आणि ते पाणी उताराने जाते. आमच्याकडे उतार कुठे जातो? बोडीकडे, मामा तलावाकडे, गाढवी नदीकडे. गाढवीवर इटियाडोह आहे, आणि इटियाडोहच्या पाण्यावर किती गावांचे धान उभे असते हे मी सांगायला नको. कोहळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खपून बांधलेले तलाव हीही एक खनिज संपत्तीच आहे, फक्त ती दरवर्षी पावसाने भरते.

म्हणून कायद्याची थोडी माहिती प्रत्येक घरात असावी. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगलावर सामूहिक हक्क दिला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने तो २००९ साली मिळवून दाखवला. ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरात बॉक्साइट काढायचे की नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ग्रामसभांना विचारायला लावले आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हटले. गडचिरोलीचा बराच भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथे पेसा कायद्याचा आधार आहे. गोंदिया जिल्हा त्या क्षेत्रात नाही. म्हणजे वेशीच्या अलीकडे आणि पलीकडे तेच जंगल, तेच गोंड बांधव, पण कायद्याचे छत्र सारखे नाही. आमच्या बाजूच्या गावांना वनहक्काचा दावा तितकाच अधिक जपावा लागेल. २०१५ पासून खाणीच्या स्वामित्वधनावर जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा वाटाही द्यावा लागतो. तो खाणबाधित गावांसाठी असतो. तो कुठे खर्च झाला, हे विचारण्याचा अधिकार आपला आहे.

आता ताम्रपटाच्या मुद्द्याकडे. वाकाटकांच्या काळी दान दिलेल्या गावाच्या चतुःसीमा, कर, हक्क सगळे तांब्यावर कोरून ज्याचे त्याच्या हातात देत. लेखी साक्ष ज्याच्या हातात, त्याचे म्हणणे दीड हजार वर्षांनीही ऐकू येते. गुंगेरियाच्या त्या दोन मुलांच्या हातात काहीच नव्हते. ब्लूमफिल्डचे नाव ग्रंथांत राहिले. मुले "दोन गुराखी" एवढीच राहिली. आपल्याकडे उद्या शोधाची यंत्रे आलीच, तर आपण "स्थानिक लोक" एवढेच राहू नये.

यासाठी फार काही लागत नाही. ग्रामपंचायतीत एक जाड वही ठेवावी. कोण आले, कोणत्या परवान्याने आले, कोणत्या गटात किती भोके पाडली, किती खोल, नंतर बुजवली की नाही, शेजारच्या विहिरीचे पाणी आधी कसे होते आणि नंतर कसे झाले, हे तारीखवार लिहून खाली दोघांच्या सह्या घ्याव्यात. विहिरींचे पाणी आत्ताच, काही घडायच्या आधी, तपासून घ्यावे. कारण आधीची नोंद नसेल तर नंतरच्या तक्रारीला कोणी विचारत नाही. शाळेत एक पेटी ठेवून मुलांकडून आपल्याच शिवारातले दगड गोळा करून घ्यावेत आणि नावे, जागा लिहून ठेवाव्यात. त्यांतली एखादी मुलगी उद्या भूवैज्ञानिक होऊन याच टेकड्यांवर आली, तर आपल्या गावाच्या नकाशात रंग भरणारा हात आपलाच असेल.

वही कुठल्याही दुकानात मिळते. पहिल्या पानावर गावाचे नाव आणि आजची तारीख घालायला हरकत नाही.